शाळेचा पहिला दिवस : दोन शतकांची वाटचाल

१८२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात बळ्ळारी जिल्ह्याचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने मद्रासच्या महसूल मंडळाकडे आपल्या जिल्ह्यातील देशी शाळांचा अहवाल पाठविला. मद्रास इलाख्याचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने आदल्या वर्षी ही माहिती सर्व जिल्ह्यांतून मागविली होती. अनेक अधिकाऱ्यांनी शाळांचे व मुलांचे आकडे कळवून आपले काम संपविले. कॅम्पबेलने आकडे तर दिलेच, पण मूल शाळेत पहिले पाऊल कसे टाकते, हेही नोंदवून ठेवले. शाळा सुरू होण्याच्या दिवसाचे भय आणि त्या भयावर समाजाने शोधलेले उपाय यांचा इतिहास पाहू इच्छिणाऱ्याला म्हणूनच या अहवालापासून आरंभ करणे सोयीचे ठरते.

बळ्ळारी जिल्ह्यात त्या वेळी ५३३ शाळा होत्या. त्यांत कानडी २३५ आणि तेलुगू २२६; मराठी शाळाही २३ होत्या. या सर्व शाळांत मिळून ६,६४१ मुले शिकत, आणि त्यांत मुली अवघ्या ६०. मूल पाच वर्षांचे झाले की आईवडील शाळेच्या गुरुजींना व तेथील विद्यार्थ्यांना आपल्या घरी बोलावीत. गणपतीच्या मूर्तीभोवती सर्वजण वर्तुळाकार बसत. नव्या मुलाला मूर्तीच्या समोर बसवीत आणि गुरुजी त्याच्या शेजारी बसत. धूप-नैवेद्य झाल्यावर गुरुजी मुलाकडून बुद्धीसाठी प्रार्थना म्हणवून घेत, मग त्याचे बोट धरून पसरलेल्या तांदळांत देवाचे नाव गिरवीत. आईवडील ऐपतीप्रमाणे गुरुजींना दक्षिणा देत. शाळा सुरू होई ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

या विधीत एक मोठे शहाणपण होते. मूल शाळेत जाण्याआधी शाळा मुलाच्या घरी येऊन जाई. गुरुजींचा चेहरा, त्यांचा आवाज, सोबत्यांची तोंडओळख हे सारे आईच्या नजरेसमोर, ओळखीच्या भिंतींच्या आत घडे. दुसऱ्या दिवशी सकाळी उंबरठा ओलांडणारे मूल अनोळखी जगात जात नसे. काल आपल्याकडे आलेल्या माणसांकडे ते जात असे.

पण याच अहवालात पुढे त्या दुसऱ्या दिवसाचेही वर्णन आहे. सकाळी शाळेत सर्वांत आधी पोहोचणाऱ्या मुलाच्या तळहातावर मानाने सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे ना स्तुती ना निंदा. तिसऱ्याला हलकीशी एक छडी, चौथ्याला दोन आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला एकेक अधिक. आळशी ठरलेल्या मुलाला फटके मिळत, दोन्ही हात बांधून आढ्याला टांगले जाई, अथवा सारख्या उठाबशा काढाव्या लागत. आदल्या दिवशी ज्या बोटाला धरून तांदळांत अक्षर गिरविले, त्याच हातावर दुसऱ्या दिवसापासून छडी पडू शकत होती. स्वागत घरी झाले आणि शिक्षा शाळेत. भारतीय शिक्षणाच्या पुढील दोन शतकांच्या इतिहासात या दोन टोकांमधील ओढाताण पुन्हा पुन्हा दिसते.

विद्यारंभाचे संस्कार

बळ्ळारीचा विधी एकाकी नव्हता. देशाच्या बहुतेक प्रांतांत या ना त्या रूपाने तो होता आणि अनेक ठिकाणी आजही आहे. केरळात विजयादशमीला ‘विद्यारंभम्’ होतो. आजोबा, गुरू किंवा एखादा नामवंत लेखक मुलाला मांडीवर घेतो आणि त्याचे बोट धरून तांदळांत अक्षरे गिरवतो. मलयाळम् भाषेचे जनक मानले गेलेले एळुत्तच्छन यांच्या तिरूर येथील तुंचन परंबु या स्थानी त्या दिवशी मोठी गर्दी लोटते. तेलंगणात बासर येथील सरस्वतीच्या मंदिरात ‘अक्षराभ्यास’ करण्यासाठी दूरदूरचे पालक मुलांना घेऊन येतात. बंगालमध्ये वसंतपंचमीच्या सरस्वतीपूजेला ‘हातेखडी’, म्हणजे हाती खडू देण्याचा संस्कार, होतो. मुसलमान कुटुंबांत चार वर्षे, चार महिने आणि चार दिवस वयाच्या मुलाकडून ‘बिस्मिल्ला’ वदवून घेण्याची जुनी रीत आहे. महाराष्ट्रात दसऱ्याचे पाटीपूजन आणि पाटीवरची एकाच्या आकड्यांनी रेखलेली सरस्वती पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्मरणात आहे; ‘श्रीगणेशा करणे’ हा वाक्प्रचार तर भाषेतच रुजून गेला आहे.

या साऱ्या विधींचे धर्म, देवता आणि तिथी वेगवेगळ्या असल्या तरी रचना एकच आहे. मूल कोणाच्या तरी मांडीवर किंवा कुशीत असते. लिहिण्याचे साहित्य त्याच्या ओळखीचे असते. बोट मोठ्या माणसाचा हात चालवतो, त्यामुळे अक्षर चुकण्याचा प्रश्नच येत नाही. त्या दिवशी कोणी परीक्षा घेत नाही, कोणी कोणाशी तुलना करीत नाही आणि शेवटी हातावर काहीतरी गोड पडते. पहिल्या दिवसाचा ताण हलका करण्याच्या ज्या गोष्टी आज बालमानसशास्त्राचे जाणकार सांगतात, त्यांतील कितीतरी गोष्टी या लोकरीतींनी सहज साधल्या होत्या. उणीव होती ती एवढीच की, हे शहाणपण विधीपुरते उरले आणि दुसऱ्या दिवसाच्या वर्गात शिरले नाही.

पालकांची चिंताही त्या काळी कमी नव्हती. कॅम्पबेलने खेदाने लिहून ठेवले आहे की, मध्यम व गरीब वर्गातील बहुसंख्य कुटुंबांना मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेनासा झाला असून, मुलांचे कोवळे हात थोडेफार काम करण्याजोगे होताच ते कामाला लावावे लागतात. पूर्वी शाळा असलेल्या अनेक गावांत आता शाळाच उरल्या नसल्याची नोंदही त्याने केली. मुलाला शाळेत पाठविणे म्हणजे घरातील कमाईचे दोन हात कमी करणे, हा हिशेब त्या आईवडिलांना रोज मांडावा लागत असे.

ज्यांना दारातच अडविले

विद्यारंभाचा हा सोहळा सर्वांसाठी नव्हता, हेही विसरता येत नाही. बळ्ळारीच्या ६,६४१ मुलांतील त्या ६० मुलींची संख्या पुरेशी बोलकी आहे. पुण्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल-शेण फेकले जाई. शाळेची वाट शिक्षिकेलाच इतकी खडतर होती, तर आपली लेक त्या वाटेने पाठविणाऱ्या आईची घालमेल किती असेल!

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. हा मुलगा पुढे देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. पण त्या शाळेत त्याला इतर मुलांपासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला स्वतःच्या हाताने शिवण्याची मुभा नसे. महाराष्ट्र शासन २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा करते. एका विद्यार्थ्याच्या शाळाप्रवेशाचा दिवस राज्याने स्मरणदिन म्हणून स्वीकारावा, यातच त्या प्रवेशाची किंमत दिसते.

त्रावणकोरमध्ये अय्यनकाळी यांनी पुलय समाजाच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शेतमजुरांचा संप घडवून आणला. ते पंचमी नावाच्या मुलीला हाताशी धरून ऊरूट्टंबलम् येथील शाळेत घेऊन गेले. त्या प्रवेशाला झालेल्या विरोधात शाळाच पेटवून देण्यात आली. आज त्याच केरळात शाळा सुरू होण्याच्या दिवशी ‘प्रवेशनोत्सवम्’ साजरा होतो, तोरणे लागतात, नव्या मुलांच्या हाती फुगे व मिठाई दिली जाते. जाळलेल्या शाळेपासून तोरण लावलेल्या शाळेपर्यंतचे अंतर सुमारे एका शतकाचे आहे. ते आपोआप कापले गेले नाही.

घंटा, हजेरी आणि परीक्षा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळेचे रूप पालटले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी अनुदानाची पद्धत आली. तिच्यामागून तपासनीस, ठरावीक पाठ्यपुस्तके, हजेरीपट आणि वार्षिक परीक्षा आल्या. मुंबई इलाख्यात तर परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरविण्याची पद्धत स्वीकारली गेली. मुले किती उत्तीर्ण झाली यावर शाळेचे पैसे अवलंबून असल्याने शिक्षकाच्या मनातील धास्ती वर्गात उतरली आणि वर्गातून घरापर्यंत पोहोचली. पालक, शिक्षक आणि विद्यार्थी या तिघांचे ताण एकमेकांत गुंतण्याची सुरुवात येथे झाली. पूर्वीच्या पंतोजीची छडी दिसत तरी असे. परीक्षेची छडी अदृश्य होती आणि ती वर्षभर डोक्यावर राही.

याच काळात शाळेचे वर्ष आणि सुट्ट्यांचे चक्रही बांधले गेले. विशाल देशात ते चक्र हवामानाप्रमाणे फिरते. केरळात पहिल्या पावसाबरोबर जूनच्या आरंभी शाळा उघडते. महाराष्ट्रातही नव्या वह्यांचा वास आणि ओल्या मातीचा वास एकत्रच येतो. विदर्भात मात्र उन्हाच्या तडाख्यामुळे शाळेची घंटा काही दिवस उशिरा वाजते. काश्मीरच्या खोऱ्यात हिमवर्षावाची दीर्घ सुट्टी संपून मुले मार्चमध्ये शाळेत परततात. उत्तरेकडील अनेक शाळांत एप्रिलमध्ये नवा वर्ग सुरू होतो, मे-जूनमध्ये उन्हाळी सुट्टी येते आणि जुलैत पुन्हा आरंभ होतो. म्हणजे त्या मुलांच्या वाट्याला एकाच वर्षात दोन ‘पहिले दिवस’ येतात. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास स्थलांतर करणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांची मुले हंगाम संपल्यावर गावी परततात, तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे हे त्या तुटलेल्या वर्षाला जोड देण्याचे प्रयत्न होत. शाळेत परतणे ही घटना एक दिसली तरी प्रत्येक मुलाचे परतणे निराळे असते, हे या वेगवेगळ्या दिनदर्शिका सांगतात.

शाळेच्या या नव्या यंत्राविरुद्ध पहिला मोठा आवाज अशा माणसाने उठविला, ज्याचे बालपण त्या यंत्रात दुखावले गेले होते. रवींद्रनाथ ठाकूर लहानपणी मोठ्या मुलांना शाळेत जाताना पाहून आपल्यालाही पाठवा म्हणून रडले, तेव्हा घरच्या शिक्षकाने एक चापट देऊन बजावले की, आज जाण्यासाठी जितका रडतोस त्याहून अधिक पुढे न जाण्यासाठी रडशील. हे भाकीत खरे ठरल्याचे त्यांनी आठवणींत नमूद केले आहे. त्याच आठवणींत आणखी एक प्रसंग आहे. शाळेतून घरी आल्यावर हा मुलगा ओसरीच्या कठड्याच्या गजांना विद्यार्थी बनवी, त्यांच्यापुढे गुरुजी होऊन बसे आणि हातातल्या छडीने त्या लाकडी विद्यार्थ्यांना झोडपून काढी. शाळेत मुलाने काय शिकले, हे पाहायचे असेल तर त्याचा खेळ पाहावा. कारण सोसलेली भीती खेळात बाहेर पडते. १९०१ साली शांतिनिकेतनात त्यांनी झाडांखाली शाळा भरविली, तिच्या मुळाशी या कठड्याच्या गजांची आठवणही असणार.

भावनगर आणि बोर्डी

भीतीमुक्त शाळेचा विचार लहान मुलांच्या वर्गात प्रत्यक्ष उतरविण्याचे मोठे कार्य गुजरातेत झाले. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते माँटेसरींच्या ग्रंथांकडे वळले आणि १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झाले. एक चिंताग्रस्त पालक शिक्षक झाला आणि त्याने हजारो पालकांची चिंता आपली मानली, असे त्यांच्या जीवनाचे सार सांगता येईल.

त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षकाचा पहिला दिवस मोठा बोधप्रद आहे. नव्या विचारांनी भारलेला हा शिक्षक चौथीच्या वर्गात जातो आणि मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो. दारे-खिडक्या लावून अंधार करताच मुले गोंगाट आणि थट्टा सुरू करतात. साऱ्या योजना कोलमडतात, तेव्हा तो मुलांना सुट्टी देऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच वर्ग कान देऊन ऐकू लागतो. पहिल्या दिवशी धास्तावणारे फक्त विद्यार्थीच नसतात, शिक्षकही असतो. आणि त्याने आपली योजना मुलांवर लादण्याऐवजी मुलांना काय हवे ते ओळखले तर दुसरा दिवस वेगळा उगवतो. गिजुभाईंनी हे उपदेश न करता गोष्टीतून सांगितले.

त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे कार्य महाराष्ट्रात आणले. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. बालवाडी तर निघाली, पण दलित व आदिवासी वस्तीतील मुले तिच्यात येईनात. घरात धाकटी भावंडे सांभाळायची, गुरे राखायची, अंगावर धड कपडे नाहीत आणि शाळेच्या इमारतीचे दडपण, अशी त्यामागची कारणे होती. तेव्हा ताराबाईंनी प्रश्न उलटा करून पाहिला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या, तेथेच आंघोळ, नखे, गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू झाले. तीच ‘अंगणवाडी’. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरली. जिथे गुरे, तिथे मुले आणि जिथे मुले, तिथे शाळा.

बळ्ळारीच्या गुरुजींनी एका दिवसापुरते जे केले, ते ताराबाईंनी रोजचे केले. देशाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ‘अंगणवाडी’ हा शब्द उच्चारला जातो. शाळेने घराकडे चालत जावे, हा विचार या शब्दाबरोबर देशभर पोहोचला.

भूक, ओझे आणि कायदा

स्वातंत्र्यानंतर मुलांच्या ताणाची एकेक गाठ ओळखली जाऊ लागली. पहिली गाठ भुकेची. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ मध्ये शाळेत दुपारच्या जेवणाची योजना हाती घेतली. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राने देशभर पोषण आहाराचा कार्यक्रम सुरू केला आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. रिकाम्या पोटी मुलाला शाळेत पाठविताना आईच्या पोटात पडणारा खड्डा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आदेशाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी गाठ दप्तराची. कादंबरीकार आर. के. नारायण हे राज्यसभेचे सदस्य असताना १९८९ मध्ये त्यांनी दप्तरांच्या ओझ्याने वाकलेल्या मुलांविषयी सभागृहाचे लक्ष वेधले. १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा ‘ओझ्याविना शिक्षण’ या आशयाचा अहवाल आला. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जाचक असते, हा त्याचा निष्कर्ष आजही ताजा आहे. २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे आणि दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये, असे सुचविले आहे.

न समजण्याच्या ओझ्यात भाषेचा वाटा मोठा असतो. घरी एक भाषा आणि वर्गात पूर्ण अनोळखी भाषा असेल, तर पहिल्या दिवशी मूल मुके होते. आईच्या भाषेत शिकविणारी शाळा त्या मुलाला पहिल्याच दिवशी बोलता ठेवते. ओडिशाने आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला, तो याच जाणिवेने. मराठी माध्यमाच्या शाळांनी गेली अनेक दशके जे केले, त्याकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. भाषाभिमान हा त्याचा एक भाग झाला. वर्गात पाऊल टाकताच मुलाला आपले म्हणणे सांगता येणे, ही त्याहून मोठी गोष्ट आहे.

तिसरी गाठ कायद्याने सोडविण्याचा प्रयत्न झाला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी मूल वा पालक यांची चाळणी लावण्यास मनाई केली. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली. कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरविले. आणि कलम २९ मध्ये अभ्यासक्रमाचे एक उद्दिष्ट म्हणून मूल भय, आघात व चिंता यांपासून मुक्त व्हावे, असे स्पष्ट शब्दांत लिहिले. छडीच्या चढत्या हिशेबापासून या शब्दांपर्यंत पोहोचायला देशाला १८७ वर्षे लागली. कायदा झाला म्हणजे भय संपले असे नव्हे. पण भय हा शिक्षणाचा भाग नाही, हे प्रथमच देशाच्या कायद्याने मान्य केले.

बंद शाळांनंतरचा पहिला दिवस

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग व्यापक प्रमाणावर पुन्हा भरू लागले. सर्वांत धाकट्या मुलांना त्याहूनही वाट पाहावी लागली. पहिलीत नाव घातलेली मुले वर्गाचे तोंडही न पाहता दुसरीत गेली होती. कित्येकांची अक्षरे पुसट झाली होती, कित्येकांच्या घरी माणसे दगावली होती, रोजगार गेले होते. सुट्टीनंतर परतण्याचा ताण या देशाच्या एका संपूर्ण पिढीने एकाच वेळी अनुभवला, असा प्रसंग पूर्वी क्वचितच आला असेल.

या संकटातही उपाय सापडला तो जुन्याच वाटेवर. तामिळनाडूने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘इल्लम् तेडि कल्वि’ ही योजना सुरू केली. घर शोधत आलेले शिक्षण, असा या नावाचा अर्थ. स्थानिक स्वयंसेवक संध्याकाळी मुलांच्या घराजवळ तास-दीड तास वर्ग घेऊ लागले. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ‘विद्याप्रवेश’ हा पहिलीच्या आरंभीचा तीन महिन्यांचा खेळाधारित कार्यक्रम जाहीर केला; शाळेचे पहिले दिवस परीक्षेचे नसून रुळण्याचे असतात, हे त्यातून मान्य झाले. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळा पूर्वतयारी अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांचे मेळावे भरू लागले आणि गावोगावी मातांचे गट तयार झाले. आई घरच्या घरी भाज्या निवडताना, कपडे घड्या करताना मुलाला मोजणे, वर्गवारी करणे आणि बोलणे शिकवू लागली.

इतिहासाचे सांगणे

दोन शतकांच्या या वाटचालीत एक सूत्र सतत दिसते. घर आणि शाळा यांत जितके अंतर पडते तितका मुलाचा ताण वाढतो; आणि त्या दोघांतील कोणी एक पाऊल पुढे आले की तो ओसरतो. बळ्ळारीचे गुरुजी घरी गेले, अय्यनकाळी मुलीचा हात धरून शाळेत गेले, ताराबाई अंगणात गेल्या, तामिळनाडूचे स्वयंसेवक गल्लीत गेले. प्रत्येक वेळी मोठ्या माणसाने अंतर कापले. जेथे ते सारे अंतर लहान मुलाने एकट्याने कापावे अशी अपेक्षा केली गेली, तेथे रडणे, आजारपणाचे बहाणे आणि गळती यांचीच नोंद झाली.

आजच्या पालकांसाठी या सूत्राचा अर्थ साधा आहे. शाळा उघडण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून झोपण्या-उठण्याच्या वेळा हळूहळू पूर्ववत कराव्यात. एखाद्या संध्याकाळी मुलाला शाळेच्या आवारात फिरवून आणावे, वर्ग, पाण्याची जागा आणि स्वच्छतागृह दाखवावे. त्याच वर्गात जाणाऱ्या एखाद्या मुलाशी आधीच मैत्री जुळवून द्यावी. फाटकाशी निरोप घेताना तो थोडक्यात आणि हसतमुखाने घ्यावा. न सांगता निसटून जाऊ नये. संध्याकाळी ‘आज काय शिकलास?’ या प्रश्नाआधी ‘आज कोणाबरोबर डबा खाल्लास?’ हे विचारावे. शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना त्या दिवशी तरी घरात येऊ देऊ नये. आणि मुलाची अस्वस्थता आठवडेच्या आठवडे ओसरत नसेल, झोप व जेवण उडाले असेल, तर शिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे आणि गरज वाटल्यास डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. पूर्वी मुलाला पोटात दुखते म्हणून ओव्याची पूड देत. पुष्कळदा ते दुखणे पोटातले नसून मनातले असे, हे आता कळले आहे.

शाळेसाठीही त्यात बोध आहे. कॅम्पबेलने देशी शाळांची एक गोष्ट मनापासून वाखाणली होती. ती म्हणजे मोठ्या विद्यार्थ्यांनी लहानांना शिकविण्याची रीत. चौथीच्या मुलीने पहिलीतल्या मुलाचे बोट धरून त्याला वर्गापर्यंत नेणे, यासाठी निधी लागत नाही आणि आदेशही लागत नाही. पहिला आठवडा गोष्टींचा, गाण्यांचा आणि ओळखीचा ठेवता येतो. उशिरा आलेल्या मुलाला विचारता येते की, वाटेत पाऊस लागला का?

हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेने साठ ‘पहिले दिवस’ पाहिलेले असतात. तिच्या दारात एके काळी रडत उभे राहिलेले मूल आज आपल्या नातवंडाचे बोट धरून त्याच दारात उभे असते. शाळेच्या नोंदवहीत त्याचे नाव, जन्मतारीख आणि दाखल झाल्याची तारीख सापडते. त्या सकाळी त्याला आत कोणी घेतले, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. तरीही साठ वर्षांनंतर विचारले तर बहुतेकांना त्या शिक्षकाचे किंवा त्या थोरल्या मुलीचे नाव आठवते. बळ्ळारीच्या तांदळांतील अक्षर दुसऱ्या दिवशी मोडून गेले असेल. ते गिरविताना बोटाला धरलेला हात मात्र जन्मभर विसरता येत नाही.